मोजलेले आणि न वाचलेले

गेल्या वर्षी एका तंत्रविद्यापीठाकडून अनुवादाचे एक काम माझ्याकडे आले. विद्यापीठाच्या ग्रंथालयाने 'सायंटिफिक अँड इंजिनियरिंग रिसर्च आउटपुट' अशा मथळ्याचा एक अहवाल सिद्ध केला होता आणि त्याचा मराठी गोषवारा हवा होता. मथळ्यावरच अडखळलो. 'आउटपुट'ला मराठीत काय म्हणायचे? 'निष्पत्ती' म्हणावे तर काहीतरी निष्पन्न झालेले असावे लागते आणि अहवालात तसा दावा कुठेच नव्हता. 'फलित' हा शब्द परिणामाची ग्वाही देतो. 'कार्य' म्हटले तर ते मोजता येत नाही, आणि अहवालाचा सारा भर तर मोजण्यावर. उरला 'उत्पादन' हा शब्द. तो लिहिला मात्र, आणि डोळ्यांसमोर साखर कारखान्याचा गळीत हंगाम उभा राहिला : अमुक टन ऊस गाळला, तमुक पोती साखर झाली, उतारा इतका पडला.

हा 'उतारा' मोठा गमतीचा शब्द आहे. टनभर उसातून किती साखर निघाली, ते कारखान्यात उताऱ्यावरून कळते. नुसता ऊस किती आला यावर कोणताही कार्यकारी संचालक खूश होत नाही. आपल्याकडे, म्हणजे भाषा-साहित्याच्या व्यवहारात, उतारा म्हणजे ग्रंथातून काढून दाखवलेला मजकूर. कोणत्याही लेखकाविषयी बोलायचे तर उतारा द्यावा लागतो. न दिला तर परीक्षकही विचारतो, 'हे कुठे म्हटले आहे?' त्या अहवालात दोन्ही अर्थांनी उतारा नव्हता. गाडीतळावर किती गाड्या लागल्या याची नोंद तेवढी चोख होती.

अहवालाचा साचा नवा नाही. त्याला 'सायंटोमेट्री' असे नाव असून ग्रंथालयशास्त्रात तो एक मान्यताप्राप्त उद्योग आहे. वेब ऑफ सायन्स किंवा स्कोपस यांसारख्या कोशातून विद्यापीठाच्या नावाने नोंदी उतरवून घ्यायच्या आणि त्यांची कोष्टके मांडायची. वर्षवार लेख किती, विभागवार किती, कोणत्या देशांशी सहकार्य, सर्वाधिक लेख लिहिणारे दहा अध्यापक कोण, सर्वाधिक उद्धृत झालेले दहा लेख कोणते. मग लोटका याचा १९२६ सालचा आणि ब्रॅडफर्ड याचा १९३४ सालचा नियम येथे लागू पडतो की नाही हे तपासायचे. तो बहुधा थोडाफार पडतो आणि थोडाफार पडत नाही. निष्कर्षात 'संशोधनास चालना देण्याची गरज आहे' हे वाक्य. विद्यापीठाचे नाव बदलले की नवा अभ्यास तयार. हा अभ्यासही यथावकाश शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध होतो आणि पुढच्या अहवालाच्या कोष्टकात एकाने भर पडते.

मी तो अहवाल आरंभापासून अखेरपर्यंत दोनदा वाचला, अनुवादकाला वाचावाच लागतो. त्या विद्यापीठातल्या शेकडो माणसांनी इतकी वर्षे नेमके काय शोधून काढले, याविषयी त्यात एकही वाक्य नव्हते. स्थापत्य, रसायन, यंत्र, विद्युत् अशा सर्व विभागांची नावे होती, पण कोणाला काय सापडले, कोणाचे काय चुकले, कशाचा कोणाला उपयोग झाला, याचा मागमूस नाही. अहवाल लिहिण्यासाठी त्यातला एकही लेख उघडण्याची गरज पडली नसणार. माझे भांडण या गोष्टीशी आहे. ते केवळ अभियंत्यांच्या घरचे भांडण आहे असे समजून आपण साहित्यवाल्यांनी बाजूला उभे राहू नये, असे मला वाटते.

एक उदाहरण घेतो. ४ ऑगस्ट २००२, रविवार. आयआयटी कानपूरचे मणिंद्र अग्रवाल आणि त्यांचे नुकतेच बी.टेक. झालेले दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितिन सक्सेना, यांनी एक छोटा लेख जगातल्या काही मोजक्या तज्ज्ञांना ई-मेलने पाठवला. दिलेली संख्या मूळ आहे की नाही, हे ठरवण्याची रीत त्यात होती. प्रश्न शाळकरी वाटतो. पण संख्या शेकडो अंकी असेल तर भागून पाहण्याच्या साध्या रीतीला कल्पनेपलीकडचा काळ लागतो. जलद रीती पूर्वी होत्या, पण त्यांतली एखादी नशिबावर हवाला ठेवी, एखादी अजून सिद्ध न झालेल्या गृहीतकावर उभी असे, तर एखादीचा वेग हवा त्याहून जरासा कमी पडे. निश्चित उत्तर देणारी, कोणत्याही गृहीतकाविना उभी राहणारी आणि अंकांच्या संख्येच्या मानाने आटोक्यातल्या वेळात संपणारी रीत मुळात आहे की नाही, हेच ठाऊक नव्हते. या तिघांनी ती दिली, आणि तीही पदवीच्या वर्गातल्या गणिताहून फार दूर न जाता.

पुढे जे घडले ते आपल्या दृष्टीने महत्त्वाचे. सोमवारी सकाळी अमेरिकेत कार्ल पॉमरन्स या गणितज्ञाने लेख उघडला. दुपारच्या जेवणापर्यंत तो बरोबर असल्याची त्याची खात्री पटली आणि त्याच दुपारी त्याने सहकाऱ्यांना जमवून त्यावर व्याख्यान दिले. त्याच आठवड्यात 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये बातमी आली. हेंड्रिक लेन्स्ट्रा या दुसऱ्या गणितज्ञाने वाचता वाचता सिद्धतेतला एक भाग अधिक सोपा केला, आणि तो सुधार अंतिम लेखात घेतला गेला. 'अॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये हा १३ पानांचा लेख छापून आला तो २००४ साली. २००६ साली त्याला गोडेल आणि फल्कर्सन हे दोन्ही पुरस्कार मिळाले. म्हणजे लेखाचे मोल ठरले ते एका माणसाने सकाळी बसून तो वाचला म्हणून. छपाई, उद्धरणे, पारितोषिके ही सारी मागाहून आलेली वरात.

आता कोष्टक मांडणाऱ्याच्या डोळ्यांनी हीच घटना पाहू. आयआयटी कानपूरचे २००२ सालचे उत्पादन : या लेखापुरते शून्य, कारण छापलेला नाही. २००४ साली : एक. त्याच वर्षी कोणीतरी जुन्याच प्रयोगात एखाद्या धातूचे प्रमाण किंचित बदलून लिहिलेला लेख : तोही एक. दोघांची बेरीज दोन. सायंटोमेट्रीवाले लगेच म्हणतील, 'म्हणूनच तर आम्ही उद्धरणेही मोजतो.' मोजा. पण उद्धरणांचा दर विषयागणिक बदलतो. गणितात माणसे कमी, लेख कमी आणि प्रत्येक लेखाच्या तळटीपाही कमी. जीवशास्त्र किंवा पदार्थविज्ञानाच्या एखाद्या गजबजलेल्या शाखेतला सामान्य लेख गणितातल्या उत्तम लेखाला उद्धरणांत सहज मागे टाकतो. अहवालातल्या 'पहिल्या दहा' लेखांवर बहुधा दोन-तीन विभागांचेच वर्चस्व का असते, याचे कारण त्या विभागांच्या प्रतिभेत नव्हे, तर त्यांच्या शेजाऱ्यांच्या गर्दीत शोधावे लागते.

कानपूरचेच आणखी एक काम आपल्या फार जवळचे आहे. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी तिथे देवनागरीत चालणारा संगणक घडवण्याचे काम झाले. भारतीय लिप्यांचे वळण वेगवेगळे असले तरी वर्णमाला एकच आहे. तेव्हा कळफलक आणि संकेत एकच ठेवावेत आणि पडद्यावर अक्षर कोणत्या लिपीत उमटायचे ते यंत्राने ठरवावे, असा त्यामागचा विचार. क-ख-ग-घ हा क्रम आपल्या व्याकरणकारांनी उच्चारस्थानांवरून लावला होता, आणि अभियंत्यांना तो आयता हाती लागला. यातून 'जिस्ट' हे तंत्रज्ञान उभे राहिले, १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये ते वाढले, आणि याच प्रयत्नांच्या ओघात भारतीय लिप्यांचे 'इस्की' हे संकेतमानक तयार झाले. पुढे युनिकोडने देवनागरीची मांडणी केली ती १९८८च्या इस्कीवरूनच. तिकडे पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवणारे र. कृ. जोशी, म्हणजे आपले कवी आणि सुलेखनकार जोशी, अक्षरांच्या वळणाचा ध्यास घेऊन बसले होते. त्यांनी पुढे घडवलेल्या 'मंगल' या टंकाने वर्षानुवर्षे संगणकावरचे मराठी वाचायला दिले. आज मराठीत जे काही टंकलिखित होते, त्यातील प्रत्येक अक्षर या घराण्याचे देणे लागते. शोधनिबंधांच्या रकान्यात या कामाची किती मोजदाद होते? मानक हे शोधनिबंध नव्हे, टंक हाही नव्हे. वेब ऑफ सायन्समध्ये 'क्ष'च्या वळणाला जागा नाही.

या मोजदादीचा उगम तसा निरुपद्रवी आहे, तोही थोडक्यात सांगतो. युजीन गारफील्डने १९५५ साली 'सायन्स'मध्ये उद्धरणसूचीची कल्पना मांडली. अमेरिकेतल्या वकिलांना एखादा निवाडा पुढे कोणत्या खटल्यांत वापरला गेला ते सांगणारी सूची उपलब्ध असे. तसेच विज्ञानात करावे, एवढेच त्याला म्हणायचे होते. म्हणजे तळटीपांची उलटी पदसूची, वाचकाला एका लेखावरून दुसऱ्याकडे नेणारी. तिचा उपयोग माणसांना गुण देण्यासाठी होऊ लागला तो नंतर. २००५ साली हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सारी कारकीर्द एका आकड्यात बसवणारा एच-निर्देशांक काढला : निदान 'क' वेळा उद्धृत झालेले 'क' लेख असतील तर तुमचा आकडा 'क'. वाचनाच्या सोयीसाठी केलेली सूची वाचन टाळण्याची सोय झाली.

आपल्याकडे या आकड्याला पगाराची आणि प्रतिष्ठेची गाठ मारली गेली. २००९च्या नियमावलीने पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापणे सक्तीचे केले. ती सक्ती २०२२च्या नोव्हेंबरात उठली, पण तेरा वर्षांत लागलेली सवय एका राजपत्राने जात नाही. २०१०पासून अध्यापकांच्या बढतीला 'एपीआय'चे गुण आले. २०१६ साली एनआयआरएफची पहिली क्रमवारी जाहीर झाली आणि तिच्यात शंभरातले तीस गुण संशोधनाला मिळाले. परिणाम दिसायचा तो दिसला. २०२२ साली विज्ञान-अभियांत्रिकीत भारतातून दोन लाखांहून अधिक लेख निघाले. चीन आणि अमेरिका यांच्यामागे आपण तिसरे. संशोधनावरचा खर्च मात्र २०२०-२१ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के. पाणी तेवढेच आणि ऊस दुप्पट, असे कोणी शेतकरी सांगू लागला तर आपण त्याच्या विहिरीत डोकावून पाहू. इथे आपण सत्कार केला.

विहिरीत डोकावले ते परक्यांनी, आणि कसे डोकावले हे आपण नीट ऐकावे. २०२१ साली कबानाक, लाबे आणि मागाझिनोव्ह या तिघांना संगणकशास्त्राच्या लेखांत चमत्कारिक इंग्रजी आढळू लागले. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस', म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेऐवजी बनावट जाणीव. 'बिग डेटा'च्या जागी 'कलॉसल इन्फर्मेशन'. संदेश आणि गोंगाट यांच्या गुणोत्तराला 'सिग्नल टू नॉइज' म्हणतात. त्याचे झाले होते 'फ्लॅग टू क्लॅमर', झेंड्याकडून गलक्याकडे! स्तनाच्या कर्करोगाला 'बुझम पेरिल', उराचे संकट, असे नाव मिळाले होते. या शब्दांना त्यांनी 'टॉर्चर्ड फ्रेझेस' म्हटले, छळलेली पदे. दुसऱ्याचा मजकूर उचलायचा, यंत्राकडून त्यातल्या प्रत्येक शब्दाला पर्यायी शब्द लावून घ्यायचा आणि वाङ्मयचौर्य शोधणाऱ्या यंत्राच्या जाळ्यातून निसटायचे, असा हा प्रकार. पुढे अशा आणि इतर गैरप्रकारांमुळे लेख मागे घेण्याची लाटच आली. हिंदावी या एका प्रकाशनसंस्थेचे आठ हजारांहून अधिक लेख २०२३ या एका वर्षात मागे घेतले गेले.

साहित्याच्या कोणत्याही विद्यार्थ्याला इथे हसू येईल आणि मग काहीतरी टोचेल. समानार्थी शब्द खरोखर समान नसतात, हे आपण पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवतो. 'पाणी', 'जल', 'उदक' आणि 'नीर' यांची अदलाबदल करता येत नाही. श्राद्धाला उदक सोडतात, नळाला उदक येत नाही. परिभाषेत तर शब्द म्हणजे नाव. ते बदलले की वस्तू हरवते. तो लेख परीक्षकांनी वाचला असता, संपादकाने, निदान सहलेखकांनी वाचला असता, तर 'झेंड्याकडून गलक्याकडे' हे पद दुसऱ्या ओळीच्या पुढे टिकले नसते. ते छापले गेले, कोशात नोंदले गेले, कोणाच्या तरी उत्पादनात 'एक' म्हणून जमा झाले. ही लबाडी उघडी पडली ती कोणत्या निर्देशांकाने नव्हे. 'इथे भाषा चुकते आहे' एवढ्या एका जाणिवेतून ती उघडी पडली. 'तांत्रिक मजकुरातले आम्हाला काय कळणार?' असे म्हणून हात झटकणाऱ्या आपल्या मंडळींना माझा प्रश्न आहे : एवढे तरी कळते की नाही?

आणि यंत्राला चकवण्याची गरज का पडली, तेही पाहा. २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमावलीत साम्याच्या टक्केवारीने अपराधाची पायरी ठरते : दहापर्यंत माफ, दहा ते चाळीस पहिली पायरी, चाळीस ते साठ दुसरी, साठाच्या पुढे तिसरी, आणि तिथे विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द. चोरी मोजता येते असे एकदा ठरले की शब्द बदलणे हा बचाव होतो, आणि विचार चोरणारा सुखरूप सुटतो. माझ्याच एका विद्यार्थ्याने साम्य कमी करण्यासाठी प्रबंधात सर्वत्र 'कविते'च्या जागी 'काव्यरचना' आणि 'कवी'च्या जागी 'काव्यकार' घातले होते. टक्केवारी उतरली. मार्गदर्शक म्हणून सही मीच केली.

आता घरातलेच बोलतो. अभियंत्यांकडे बोट दाखवण्याचा आपला अधिकार फार मोठा नाही. २०१८च्या नियमावलीत विज्ञान-अभियांत्रिकीच्या अध्यापकाला एका शोधनिबंधाचे ८ गुण, तर भाषा आणि मानव्यविद्यांच्या अध्यापकाला १० गुण ठरले. त्याच कोष्टकात अख्ख्या पुस्तकाच्या अनुवादाला ८ गुण. एखाद्या रशियन कादंबरीशी पाच वर्षे झुंजणारा अनुवादक, चारपानी निबंध छापणाऱ्या त्याच्या शेजाऱ्याहून दोन गुणांनी कमी भरतो. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले आणि १९६६ साली संपवले. शब्दाशब्दाचे पाठभेद ताडून पाहणाऱ्या सुकथनकरांना या हिशेबात दर वर्षी काय दाखवता आले असते, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

माझे स्वतःचे सांगतो. बहिणाबाईंच्या कवितेत शेतीच्या अवजारांची आणि कामांची जी नावे येतात, त्यांवर मी तीन वर्षे खानदेशात हिंडून एक लेख लिहिला. एका जुन्या वाङ्मयीन नियतकालिकाने तो छापला, त्यावर दोन वाचकांची पत्रे आली, एकाने माझी चूकही दाखवली. बढतीच्या वेळी कळले की ते नियतकालिक यादीत नाही, सबब शून्य. मग एका चर्चासत्रासाठी मी चार पाने खरडली. आयोजकांनी ती 'आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय' म्हणवणाऱ्या एका मासिकाच्या विशेषांकात घातली. छपाईचे पैसे मी भरले. माझ्या आधीचा लेख वस्तू व सेवा करावर होता, नंतरचा कसल्याशा रसायनावर. दहा गुण मिळाले. त्या लेखावर आजतागायत एकाही वाचकाचे पत्र नाही आणि त्याबद्दल मी ऋणी आहे.

याद्यांनी हे सुधारले नाही. २०१८च्या मे महिन्यात आयोगाने आपल्याच मान्य यादीतून ४३०५ नियतकालिके काढून टाकली. त्याच वर्षी पुण्यातल्या संशोधकांनी 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिले होते की, विद्यापीठांच्या शिफारशीवरून त्या यादीत शिरलेल्या आणि इतर कोणत्याही कोशात नसलेल्या नियतकालिकांतली ८८ टक्क्यांहून अधिक कमअस्सल असावीत. शिफारशी कोणी केल्या होत्या? विद्यापीठांनी, म्हणजे आपणच. मग 'केअर' यादी आली आणि २०२५च्या आरंभी तीही गेली. क्रमवारीतही २०२५पासून मागे घेतलेल्या लेखांचे गुण वजा होऊ लागले. दंड योग्यच, पण तोही मोजूनच.

मोजदादीच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र खरोखर वजनदार आहे आणि तो मला एका दलित सहकाऱ्याने ऐकवला. तो म्हणाला, 'तुमचे ते वाचून ठरवणे आम्ही पाहिले आहे. तज्ज्ञ समितीने वाचून ठरवायचे म्हणजे आडनाव वाचून ठरवायचे. आकडा निदान आडनाव विचारत नाही.' याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते, आणि ज्याच्याकडे आहे असे त्याला वाटते, त्याने आपल्या विभागातल्या जुन्या नेमणुका आठवून पाहाव्यात. 'पूर्वी विद्वत्तेची कदर होती' हे वाक्य मी यापुढे उच्चारणार नाही. ज्यांची कदर झाली तेवढेच ते उच्चारीत आले आहेत.

तरीही त्या सहकाऱ्यापुढे मी दोन गोष्टी मांडल्या. पहिली अशी की, आकडा आडनाव विचारत नसेल, पण पाकीट विचारतो. लेखकांच्या नामावळीत पैसे देऊन जागा मिळते. प्रयोगशाळेचे प्रमुख आपल्या हाताखालच्या प्रत्येक लेखावर नाव घालतात, आणि तीस-तीस टक्क्यांनी त्यांचा डोंगर होतो. शुल्क न परवडणारा, तालुक्याच्या महाविद्यालयात आठवड्याला वीस तास शिकवणारा पहिल्या पिढीचा अध्यापक या बाजारात पुन्हा मागेच राहतो. दुसरी गोष्ट अशी की, जुन्या पद्धतीतले पाप वाचनाचे नव्हते, ते बंद दाराचे होते. समितीने काय वाचले, त्यात काय आढळले, हे कोणी कधी लिहून दिले नाही. उमेदवाराने आपली तीन कामे द्यावीत. दोन जाणकारांनी ती वाचून दोन-दोन पाने सहीनिशी लिहावीत, आणि ती पाने कोणालाही पाहता यावीत. आडनाव पाहून लिहिलेले टिपण सहीखाली फार काळ लपत नाही. ब्रिटनमध्ये २०१४ आणि २०२१ साली विद्यापीठांच्या निवडक लेखनाचे मूल्यमापन तज्ज्ञमंडळांनी वाचून केले. (शब्द तिथेही 'आउटपुट' हाच, त्याचे काय करावे!) त्या पद्धतीतही तक्रारी पुष्कळ आहेत. पण तक्रार करायला समोर माणूस आहे. सहकारी म्हणाला, 'सही करणारे दोघे कोण, ते सांगा, मग पाहू.' तिथे आमचे बोलणे थांबले आहे.

त्या अनुवादाचे काय झाले, तेवढे सांगायचे राहिले. मी विद्यापीठाला कळवले की, गोषवारा करतो, पण यातल्या निदान एका लेखात काय आहे ते मला कोणीतरी समजावून सांगावे. तेवढा एक परिच्छेद मी मराठीत घालीन. बऱ्याच दिवसांनी स्थापत्य विभागातल्या एक तरुण अध्यापिका भेटायला आल्या. त्यांचा लेख 'पहिल्या दहां'त नव्हता. विषय होता उसाच्या चिपाडांची राख. कारखान्याच्या बॉयलरमध्ये चिपाडे जाळली की राखेचे ढीग उरतात आणि ते कुठेतरी खड्ड्यात टाकतात. तीच राख काँक्रीटमध्ये थोड्या सिमेंटच्या जागी चालते. पण सरसकट नाही. अर्धवट जळलेले काळे तंतू तिच्यात राहिले तर ते पाणी पितात आणि मिश्रण बिघडते. म्हणून राख आधी चाळायची, मग दळायची. कोणत्या कारखान्याची राख किती चाळावी लागते हे बॉयलरवर अवलंबून. एकच कृती सर्वांना लागू होत नाही. त्या सांगत होत्या ते पाऊण तास मी ऐकले, मधूनमधून विचारले, आणि 'म्हणजे वस्त्रगाळ करायची का?' या माझ्या प्रश्नावर त्या हसून म्हणाल्या, 'इतकी नाही, पण पिठाच्या चाळणीहून बारीक.' निघताना म्हणाल्या, 'सर, या लेखात काय आहे हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.'

मी तो परिच्छेद लिहिला. दळण्या-चाळण्याचे शब्द होते, म्हणून मराठीत तो सहज उतरला. छापील गोषवारा मागच्या महिन्यात आला. बाकी सारे जसेच्या तसे आहे, कोष्टके सुबक आहेत. परिच्छेद नाही. विचारल्यावर ग्रंथालयाकडून उत्तर आले की, त्या मजकुराचा कोणत्याही कोष्टकाशी संबंध लागत नव्हता.